भुलीला काय म्हणावं?

दातांच्या डॉक्टरपुढे बसलेला माणूस बोलू शकत नाही, असा एक समज आहे. तोंडात आरसा, कापूस आणि नळी असल्यावर तो बोलणार तरी काय! पण हे अर्धंच खरं. सुई टोचल्यावर जबडा सुन्न व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. तेवढा वेळ मला काम नसतं आणि पेशंटला सुटका नसते. मग तो बोलतो. भंडाऱ्यात इतकी वर्षं दवाखाना चालवल्यावर माझ्याकडे उपटलेला दात एकही उरलेला नाही, पण ती पाच-दहा मिनिटं मात्र ढिगानं साठली आहेत.

अडचण एकच. त्या सुईला नेमकं काय म्हणावं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. कॉलेजात 'लोकल ॲनेस्थेशिया' शिकलो, तो इथं कोणाला सांगणार? आणि मराठीत जो शब्द वापरावा, तो कोणी ना कोणी माझ्यावरच उलटवतो.

*

'मुंगी चावल्यासारखं वाटेल' हे वाक्य माझ्या बायकोचं, शैलाचं. दवाखाना उघडला तेव्हा "माणूस मिळेपर्यंत मी बसते" म्हणून ती काउंटरवर बसली आणि मग उठलीच नाही. नर्सिंगचं तिला काही येत नव्हतं. मराठी घेऊन बी.ए. झालेली. पण पेशंटचा हात धरून ती हे वाक्य म्हणाली की समोरचा निम्मा शांत व्हायचा.

एकदा धानाची कापणी आटोपून कारध्याचे एक काका आले. शैला म्हणाली, "घाबरू नका काका, मुंगी चावल्यासारखं वाटेल."

काकांनी विचारलं, "कोनती मुंगी?"

शैला गोंधळली. "म्हणजे... मुंगी."

"तसं नाही होत बाई. काळी चावली तं समजतबी नाही. लाल चावली तं आग होते. अन् आंब्यावरची चावली तं मानूस झाडावून खाली येते. तुमची कोनती?"

शैलानं माझ्याकडे पाहिलं. मी सुईकडे पाहिलं. "लाल," मी म्हणालो.

काकांनी मान डोलावली आणि तोंड उघडलं. सुई संपेपर्यंत हूं की चूं केलं नाही. दाढ निघाली, कापूस दाबला, काका उठले. बाहेर बाकावर चार-पाच जण बसले होते. त्यांच्यासमोर उभं राहून, गाल धरून, काकांनी जाहीर केलं:

"लाल सांगतेत, पन आंब्यावरची हाये रे बाप्पा!"

बाकावरचे दोघं उठून घरी गेले!

*

मग शैलानं ठरवलं की उपमा बंद. सरळ शब्द वापरायचा. "शब्दकोशात आहे ना? बधिर. 'ही जागा बधिर करतो' असं म्हण. कोणी शंका काढणार नाही."

दुसऱ्याच दिवशी पोस्टातून रिटायर झालेले एक काका आले. कानाला ऐकायचं मशीन. मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि मोठ्यानं म्हणालो, "काका, आता बधिर करतो हं!"

काकांनी मान हलवली. कानातलं मशीन काढलं, रुमालात नीट गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. मला वाटलं, महागाची वस्तू, जपत असतील.

सुई दिली. "थुंका," म्हणालो. काका हसले. "डावीकडे वळा," म्हणालो. काका उजवीकडच्या कॅलेंडरकडे पाहत राहिले. "दुखतं का?" या प्रश्नाला त्यांनी हात जोडून नमस्कार केला. शेवटी शैलानं एका कागदावर मोठ्या अक्षरात 'मशीन लावा' असं लिहून त्यांच्या डोळ्यांपुढे धरलं.

काकांनी वाचलं आणि माझ्याकडे बघून म्हणाले, "कायले? तुमीच सांगतलं ना, आता बधिर होनार हाव म्हून. मंग फुकटचा सेल कायले जाळा?"

शब्दकोश त्या दिवशी कपाटात गेला.

*

उरला 'भूल'. साधा, घरगुती शब्द. लहान मुलालाही कळेल असा. बरेच दिवस तो सुखानं चालला. मग वनखात्यातले एक गार्ड आले. उंच, धिप्पाड, मिशा दोन्ही बाजूंनी वळवलेल्या. खुर्ची त्यांना लांबीला पुरेना.

"भूल देतो," मी म्हणालो आणि सुई भरली.

त्यांनी हात वर केला. "थांबा जी. वजन नाही विचारलं तुमी."

"कशाला?"

"आमी वाघाले भूल देतो तं आदी वजन काढतो. अंदाजानं का होईना, पन काढतो. जास्त झाली तं वाघ उठत नाही, कमी झाली तं लवकर उठते. तुमी माहं वजन नाही विचारलं, काई नाही, सुई भरून उभे झाले!"

मी सांगितलं की ही नुसती जबड्यापुरती असते, तुम्ही पूर्ण शुद्धीवर राहाल. त्यांना ते काही पटलं नाही. तरी सुई घेतली. जबडा सुन्न व्हायची वाट पाहताना त्यांनी मला वाघाला बेशुद्ध कसं करतात ते सगळं समजावून सांगितलं. शेवटी म्हणाले, "अन् वाघ शुद्धीवर यायच्या टायमाले आमी सगळे गाडीत बसून काचा लावून घेतो."

आमच्या मंदाताई बाजूला ट्रे धरून उभ्या होत्या. मंदाताई म्हणजे माझ्या मदतनीस. रोज कारध्याहून वैनगंगेचा पूल ओलांडून येतात. हत्यारं उकळण्यापासून पेशंटला दटावण्यापर्यंत सगळं त्याच पाहतात. त्या शांतपणे म्हणाल्या:

"आमीबी दार लावून घेऊ जी. तुमी आरामात उठा."

*

भुलीचा असर ओठावर होतो, हे पेशंटला सांगावं लागतं. सांगूनही कळत नाही. ओठ सुजून भाकरीएवढा झाला असं वाटतं आणि आरशात पाहावं तर तो जागच्या जागी असतो.

आमच्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटकांचा मोसम सुरू होतो. एका नाटक कंपनीतला एक नट भर मोसमात दाढ धरून आला. संध्याकाळी एका गावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, प्रयोग होता.

"आज काढू नका," मी म्हणालो. "ओठ जड राहील. प-फ-ब-भ-म नीट उमटणार नाही."

"दुखत असताना तर मला एकही अक्षर उमटत नाही," तो म्हणाला. "काढा!"

काढली. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. मी विचारलं, "काय झालं?"

"डॉक्टर, तिसऱ्या अंकात माझा बाप मरतो. मी त्याच्या पायावर पडून म्हणतो, 'बाबा, मला माफ करा!' त्या वाक्याला बाया पदरानं डोळे पुसतात. चार सीझन झाले, रोज पुसतात."

"मग?"

"काल मी पायावर पडलो आणि म्हणालो, 'हाहा, हला हाह करा!' मेलेला बाप हसायला लागला!"

मी म्हणालो, "फारच वाईट झालं. लोकांनी गोंधळ घातला का?"

"गोंधळ कसला," तो म्हणाला. "वन्स मोअर घेतला!"

*

दाढ काढल्यावर दोन तास काही खायचं नाही, हे मी प्रत्येकाला सांगतो. इथं एक जास्तीचं वाक्य जोडावं लागतं, ते मला एका ट्रॅक्टरवाल्यानं शिकवलं. तो गेला आणि अर्ध्या तासानं घाबरा होऊन परत आला.

"डाक्टरसाहेब, खर्रा हरवला."

"कुठं?"

"तोंडात."

"तुम्हाला काही खायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना!"

"खानं नाही जी, खर्रा!" तो अगदी मनापासून म्हणाला. "तोंडात टाकला, पन कोठी हाये ते समजूनच नाही राहिलं. गिळला म्हनावं तं गिळल्यासारखं वाटत नाही."

मी त्याला बसवलं, दिवा लावला. सुन्न गालाच्या आत, दाढेच्या मागं, सुपारी-तंबाखूचा तो सगळा गोळा जसाच्या तसा बसला होता. मंदाताईंनी चिमट्यानं उचलला आणि कचऱ्याच्या डब्याकडे वळल्या.

मागून आवाज आला, "फेकू नका बाई, आताच टाकला होता!"

*

शैला गेल्यानंतरही काही दिवस काउंटरवरची तिची खुर्ची मी हलवली नाही. मंदाताई उभ्यानंच नावं लिहून घ्यायच्या. एक दिवस त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. पाय दुखतात माणसाचे.

बाहेरगावच्या जुन्या पेशंटना माहीत नसायचं. अशीच एक बाई आली. खुर्चीत बसली आणि दाराकडे बघायला लागली. म्हणाली, "बाई कोठी गेल्या? त्याईनं हात धरला तं मले दुखत नाही."

मंदाताईंनी तिला हळूच सांगितलं. तिनं तोंड उघडलं, डोळे मिटले. सुई दिली, दात काढला, औषध लिहून दिलं. पायरीपर्यंत गेली आणि परत आत आली.

"डाक्टरसाहेब, आज सुई दुखली जी. पन ते बाई नाही म्हून दुखली. तुमचा हात चांगला हाये."

मी नवे हातमोजे चढवले आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं.

त्यानंतर धीर द्यायचं काम मंदाताईंकडे आलं. त्यांना मुंगी मान्य नव्हती, बधिर मान्य नव्हतं, काहीच मान्य नव्हतं. त्या पेशंटच्या डोळ्यांत बघून सांगायच्या, "दुखन. पन मरत नाही कोनी."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, आता दवाखाना बंद पडतो. कॉलेजातले एक प्राध्यापक खुर्चीत होते. ते सुई झाल्यावर मला म्हणाले, "डॉक्टर, आयुष्यात पहिल्यांदा कोणी वैद्यकीय माणूस माझ्याशी खरं बोलला!" पुढच्या वेळी फोन करून त्यांनी विचारलं, "मंदाताई आहेत ना आज? मग येतो."

*

गिरजाबाई पवनीकडच्या एका खेड्यातल्या. वय सत्तरीकडे झुकलेलं. खालची दाढ किडून गाल सुजलेला. त्यांच्या मुठीत एका दुपट्ट्याचं टोक होतं, आणि तो दुपट्टा मागून येणाऱ्या त्यांच्या नवऱ्याच्या गळ्यात होता. म्हातारबा स्वच्छ धोतरातले, शांत. पाहुण्याच्या घरी आल्यासारखं हसत होते.

मंदाताईंनी नाव विचारलं. "गिरजाबाई."

"पुरं सांगा ना आजी. नवऱ्याचं नाव?"

"मी नाही घेत जी."

"लिहावं लागते. उखाण्यात घ्या."

"लग्नात नाही घेतलं तं आता घेऊ? पाची पांडवाईत दांडगा कोनता?"

"भीम."

"म काढून टाका, तेथी वा लावा."

मंदाताईंनी लिहिलं, गिरजाबाई भिवाजी. पन्नासएक वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला 'अजी' याखेरीज दुसरी हाक मारली नव्हती.

मी दाढ पाहिली आणि म्हणालो, "आजी, भूल देतो. मग काही कळणार नाही."

गिरजाबाई खुर्चीतून उठूनच उभ्या राहिल्या. "भूल? नाही जी. घरात एकाले पडली हाये, तेच लय झालं."

मग त्यांनी सांगितलं. म्हातारबांना दोनेक वर्षांपासून भूल पडत होती. धानाच्या बांधीवर म्हणून निघाले की भलत्याच वाटेनं जायचे. दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन जेवण मागायचे. 'अजी' म्हटलं तर आपल्याला म्हटलं हेही त्यांना आता कळत नव्हतं. म्हणून हा दुपट्टा.

"घराची वाट आता मले एकलीलेच ठावूक हाये," त्या म्हणाल्या. "मलेबी भूल पडली तं याईले घरी कोन नेईन?"

मी शब्द बदलून पाहिले. सुन्न म्हणालो, बधिर म्हणालो. मुंगीपर्यंत गेलो.

"नाव बदलून का होते जी? सुई तं तेच हाये," म्हणाल्या, आणि गोळ्या घेऊन निघून गेल्या. मागून दुपट्टा, त्यामागून म्हातारबा.

आठवड्यानं परत आल्या तेव्हा तोंड जेमतेम उघडत होतं. नुसत्या पेजेवर दिवस काढले होते. आता मात्र मी स्पष्ट बोललो, "आजी, दाढ राहिली तर सूज गळ्यात उतरेल. मग नागपूरला भरती व्हावं लागेल. तेव्हा यांना कोण पाहील?"

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "भूल पडली तं समजन कसं?"

मंदाताई म्हणाल्या, "मी विचारत राहतो ना. सांगता आलं तं भूल नाही पडली."

असं ठरलं. म्हातारबांना खुर्चीजवळच स्टुलावर बसवलं. दुपट्टा मुठीत ठेवून गिरजाबाईंनी सुई घेतली. मंदाताईंची परीक्षा सुरू झाली.

"गाव कोनतं?" गिरजाबाईंनी सांगितलं.

"गाईचं नाव?"

"कपिला."

"नवऱ्याचं?"

गिरजाबाईंनी डोळे वटारले. "लय चालाख हायेस वं तू!"

मंदाताई मला म्हणाल्या, "पक्क्या शुद्धीत हायेत जी. करा सुरू."

तोवर ओठ सुन्न झाला होता. "ओठ हाये का गेला, हाहा जी," गिरजाबाई म्हणाल्या. 'पाहा'चा 'हाहा' झाला होता. मी चिमटा हातात घेतला. "खुर्ची घट्ट धरा." त्यांनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

दुपट्टा सुटला तो कोणालाच दिसला नाही. माझे डोळे दाढेवर, मंदाताईंचे नळीवर. दार वाजलं तेव्हा आम्ही वळून पाहिलं. स्टूल रिकामं.

माझ्या दवाखान्यासमोरून रायपूरकडे जाणारे ट्रक धावतात. म्हातारबा पायऱ्या उतरून सरळ त्या रस्त्याकडे निघाले होते. मंदाताई धावल्या. "आजोबा! भिवाजी! थांबा जी!" मीही ओरडलो. म्हातारबा आपल्याच चालीनं चालत राहिले.

गिरजाबाई माझ्या मागून दारात आल्या. गळ्यात निळा कागद, दातांत कापूस. "अजी! आयकता का! अजी!"

म्हातारबांनी डांबरावर पाय ठेवला. ट्रकचा हॉर्न वाजला.

"भिवा!"

सुन्न ओठातून ते 'हिवा' असंच बाहेर पडलं. पण म्हातारबांचा पाय उचलला तसाच मागे आला. ट्रक पुढून गेला. ते वळले. आईची हाक आल्यावर खेळ सोडून येणाऱ्या मुलासारखे म्हणाले:

"आलो वं माय!"

आणि स्वतः पायऱ्या चढून, आत येऊन, स्टुलावर बसले.

मंदाताई म्हणाल्या, "आजी, नाव घेतलं तुमी!"

गिरजाबाईंनी बोटानं ओठ चाचपून पाहिला.

"मी कोठी घेतलं? हे तोंड माहं नोहे सध्या. डाक्टरचं हाये."

दाढ निघाली. फार त्रासही झाला नाही. कापूस दाबून धरत त्यांनी विचारलं, "किती टाईम राहते जी हे असं?"

"दोन-अडीच तास."

त्यांनी मनाशी काहीतरी जुळवलं. "गाडी दोन घंट्यात घरी नेते. पुरते."

बसस्टँडकडे जाताना आम्ही त्यांना खिडकीतून पाहिलं. दुपट्टा म्हातारबांच्या खांद्यावर मोकळाच होता. थोडं चाललं की गिरजाबाई नावानं हाक मारत होत्या आणि मागून उत्तर येत होतं.

काही दिवसांनी त्या जखम दाखवायला आल्या, दुपट्ट्याचं टोक पुन्हा मुठीत. सूज उतरली होती, जखम भरली होती. "आता भात खा, भाकर खा, काहीही खा," मी म्हणालो.

गिरजाबाई खुर्चीतून उठेनात.

"काही दुखतं का आजी?"

"नाही जी."

"दुसरा दात?"

"सगळे बरे हायेत."

"मग?"

त्यांनी स्टुलावर बसलेल्या नवऱ्याकडे पाहिलं, मंदाताईंकडे पाहिलं, आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या:

"जराशी भूल देऊन द्या ना जी."